अर्धांगाची डबी

१

बोटाच्या पेराएवढी नळी, आत मुगाच्या दाण्याएवढी विष्ठा, आणि तिच्यापायी अख्खा विभाग सुतक पडल्यासारखा बसला होता.

"बाई, खणात जागा रिकामी आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळ्या नळ्या जागच्या जागी. तुमच्या बहिणीची तेवढी नाही."

हे डॉक्टर एके काळचे माझे विद्यार्थी. आता मेंदूविकार विभागाचे प्रमुख आहेत, केस माझ्याइतकेच पांढरे झालेत, पण माझ्यासमोर बसताना अजून खुर्चीच्या कडेवर बसतात. मी याच इमारतीच्या तळमजल्यावर जंतुशास्त्रात जन्म घालवला. आमच्या वेळी जंतू वाढवावे लागत. काचेच्या बशीत खाद्य ओतायचं, तारेनं रेघ ओढायची, उबेला ठेवायचं आणि सकाळी झाकण उघडून आधी वास घ्यायचा. नुसत्या वासावरून जंतू ओळखणारी माणसं होती आमच्यात, आई पावलांवरून मूल ओळखते तशी. हल्ली त्यांना कुणी वाढवत नाही. यंत्र त्यांची कुळकथा थेट वाचून काढतं. त्यांचा वास कसा असतो हे ते यंत्र चालवणाऱ्या पोरांना ठाऊकही नसतं.

डॉक्टरांचा अभ्यास साधा होता. ज्याला अर्धांगाचा झटका आला त्याच्या पोटातले जंतू आणि त्याच घरात, त्याच चुलीचं खाणाऱ्या त्याच्या जोडीदाराच्या पोटातले जंतू शेजारी ठेवून बघायचे. अन्न एक, पाणी एक. मग फरक उरला तर तो आजाराचा. त्या फरकात एखादी खूण सापडावी, आणि ती झटक्याच्या आधीही दिसावी, ही आशा. माझे मेहुणे झटक्यातून उठले तेव्हा या अभ्यासात गेले, आणि त्यांच्याबरोबर निरोगी जोडीदार म्हणून माझी धाकटी बहीण.

आता त्या निरोगी जोडीदारालाच झटका आला होता. ती वरच्या मजल्यावर पडून होती.

"खोटं कशाला बोलू, बाई. वाईट वाटलंच, पण आशाही वाटली. झटक्याच्या आधीचं पोट, आपल्या फ्रीझरमध्ये. असं कुणाच्या हाती लागत नाही."

"आणि आता हातचं गेलं."

"चोरी म्हणून वर कळवावं लागेल. कळवलं की डावरी गेलीच." डावरी म्हणजे त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. डावखुरी, म्हणून हे नाव. "त्या नळीत खूण निघाली नसती तर तिचं इतक्या वर्षांचं काम खोटं पडलं असतं. म्हणजे नळी नाहीशी होण्यात फायदा कुणाचा?"

"तुमचाही आहे की. अभ्यास तुमच्या नावावर आहे."

ते ओशाळून हसले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमच्याशी खोटं बोलायची इथे अजून भीती वाटते."

मी नळीसाठी गेले नव्हते. मला एवढंच हवं होतं: धाकटीच्या पोटात ती खूण आधीपासून होती का? कुणाला ती आधी दिसली असती, तर माझी बहीण आज बोलत असती का?

फ्रीझरच्या खोलीत रखवालीला असलेला इसम माझ्या वेळचाच. त्याला सगळे थंडोबा म्हणतात. कामाने आणि स्वभावानेही. त्याने भिंतीकडे बोट केलं. खुंटीवर जाड निळ्या हातमोज्यांपैकी एकच होता.

"हा उजवा, बाई. जिथल्या तिथे, कोरडा ठणठणीत. डावा खाली पडला होता, वर बर्फ चिकटलेला."

एवढ्या मोठ्या विभागात डावखुरी माणसं मोजायला एक बोट पुरे होतं.

२

आधी मी धाकटीकडे गेले.

लहानपणी तिला घरात 'आकाशवाणी' म्हणत. सकाळी डोळा उघडला की प्रक्षेपण सुरू, आणि रात्री झोपेतही मधूनमधून बातम्या. आई म्हणायची, हिच्या तोंडाला झाकण करायचं राहिलं. लग्न झालं तेही भाषा शिकवणाऱ्या मास्तरांशी. आमच्या वडिलांनी तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, एकाला शब्दांची हौस आणि एकीजवळ शब्दांचा साठा.

आता तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डोळ्यांत सगळं शाबूत. मला बघितल्यावर तिचा डावा हात उठला.

"माझं," ती म्हणाली.

"काय हवंय गं? काय तुझं?"

"माझं. माझं."

मेहुणे उशाशी स्टुलावर होते. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, मीसुद्धा. त्यांचा उजवा हात झटक्यापासून शर्टाच्या बाहीसारखा लोंबतो. डाव्या हातात काठी, तिला खाली काळं रबरी बूड. रोज इथे व्यायामाला येतात, आणि येता-जाता भिंतीवरच्या पाट्यांमधल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका डाव्या हाताने, थरथरत्या खडूने दुरुस्त करतात. त्यामुळे शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे लाडके. त्यांना कुठल्याच दारात कुणी अडवत नाही.

"हे एकच म्हणते, ताई," ते म्हणाले. "हिचं-हिचं म्हणून जे जे सापडलं ते मी आणलं. फणी आणली, चष्मा आणला. ही पर्स आणली. कशानेच समाधान नाही."

मी पर्स उघडली. रुमाल, पिना, घराची किल्ली, आणि लोहाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. धाकटीचं रक्त पहिल्यापासून कमी. कितीएक वर्षं ती त्या गोळ्या घेत होती, आणि प्रत्येक वेळी खिळा गिळल्यासारखं तोंड करून मला दाखवायची. मी पट्टी परत ठेवून दिली.

"सगळा जन्म ही बोलली आणि मी ऐकलं," मास्तर म्हणाले. "आता आमचं अर्धांग गप्प झालं."

ते हे म्हणाले आणि पुन्हा खाली बघायला लागले. नेहमीचे मास्तर स्वतःच्या वाक्यावर क्षणभर थांबतात, विद्यार्थ्यांनी हसावं म्हणून. आज थांबले नाहीत.

बाहेर येताना मी नर्सला विचारलं, "पहिल्या दिवसापासून हेच म्हणते का?"

"छे हो. आधी अवाक्षर नव्हतं. मोठे डॉक्टर राउंडला आले, बोलून गेले, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच हिने सुरू केलं. तेव्हापासून हाच जप."

३

"मी काय बोललो?" डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "काही विशेष नाही. मास्तर होते, तुमची बहीण ऐकत होती. म्हटलं, अर्धांगाच्या डबीत खूण ठळक होती हे आपल्याला माहीतच आहे. आता जोडीदाराची नळी काढू. आधी त्यातला माणसाचा अंश, म्हणजे डीएनए, तपासून नमुना बाईमाणसाचाच आहे हे पक्कं करू, म्हणजे पुढे कुणी शंका काढायला नको. मग जंतू बघू. एवढंच."

"अर्धांगाची डबी म्हणजे?"

"नमुन्याच्या डब्या घरी द्यायचो त्यावरची नावं, बाई. आकडे लिहिले की घरी घोटाळे होतात, म्हणून मी म्हटलं साध्या शब्दांत लिहा. रुग्णाच्या डबीवर 'अर्धांग', घरातल्या निरोगी माणसाच्या डबीवर 'जोडीदार'. त्यातलंच मग नळीत भरायचं."

"मग मास्तरांच्या डबीत खूण निघाली."

"ठळक. इतकी की आम्ही घाबरलो. म्हटलं यांना दुसरा झटका येणार. औषधं वाढवली, मीठ तोडलं, आठवड्याला रक्तदाब. तुमच्या बहिणीला मी बजावलं होतं, यांना जिना चढू द्यायचा नाही, ओझं उचलू द्यायचं नाही."

आठवलं मला. तेव्हापासून सगळे जिने धाकटी चढत होती. सगळी ओझी ती उचलत होती. मास्तरांचा रक्तदाब वहीत लिहिताना स्वतःचा हात पट्ट्यात घालायला तिला कधी सुचलं नाही, आणि आम्हालाही नाही. हसत म्हणायची, एका घरात एकच पेशंट शोभतो.

"आणि दुसरा झटका?"

"मास्तरांना? आला नाही." डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "खूण खोटी ठरतेय की काय असंच वाटायला लागलं होतं."

"अर्धांगाच्या डबीतलं काही शिल्लक आहे?"

"सगळं तपासणीत संपलं. आणि यंत्राने वाचलेल्यातला माणसाचा अंश आम्ही लगेच पुसतो. कुणाचं गुपित बाहेर जायला नको, म्हणून नियमच आहे. जोडीदारांच्या नळ्या अजून तपासायच्याच होत्या. म्हणजे त्या घरातून आलेली उरलेली अशी ती एकच नळी."

एकुलता एक साक्षीदार, आणि तोच उचलला गेला. उचलणाऱ्याला हे माहीत होतं.

४

थंडोबाकडून गोष्ट काढायची म्हणजे फ्रीझरमधून बर्फ खरवडायचा.

"घंटा वाजली, बाई. दार नीट लागलं नाही की ती कोकलते. सगळी मंडळी जेवायला गेलेली. मी धावत आलो—"

"धावत?"

"म्हणजे आलो. तर दार अर्धवट. आतला खण बाहेर लटकलेला, कलंडून. दार त्यालाच अडलं होतं. कधी नाही ते."

"कधीच नाही?"

"आपल्या माणसांकडून नाही. खण जड असतो. एका हाताने तोलून धरायचा, दुसऱ्याने नळी काढायची, मग ढकलायचा. गारठा असा की उघडं बोट चिकटून बसेल. दोन्ही मोजे घातल्याशिवाय कुणी हात घालत नाही. आणखी एक गंमत. खालच्या खणावर बर्फाचा थर होता ना, त्यावर एक गोल ठसा उमटला होता. वाटीच्या बुडाएवढा. काहीतरी टेकवलं असणार. आता पुसला गेला."

"तुला काय वाटतं, कुणी नेली?"

"मला कोण विचारतंय? फ्रीझर बंद पडला असेल, नळी वितळली असेल, थंडोबाने लपवली असेल, असं साहेबांच्या मनात आहे. तोंडावर बोलत नाहीत." तो जरा थांबला. "तुमच्या मेहुण्यांच्या घरचे नमुने मला आठवतात, बाई. त्यांची अर्धांगाची डबी काळीकुट्ट होती. डांबर. डावरीबाई घाबरल्या, मास्तरांच्या पोटात रक्त जातंय म्हणाल्या. घशातून दुर्बीण घातली बिचाऱ्यांच्या. काही निघालं नाही."

आमच्या धंद्यात नाक मुरडून चालत नाही. मी त्या डांबराशीच अडले. काहीतरी जवळून सरकून गेलं होतं, आणि मला त्याची शेपटी तेवढी दिसली होती.

डावरी तिच्या खोलीत पेटीत पुस्तकं भरत होती.

"घालवण्यापूर्वीच निघालीस?"

"घालवण्याची वाट कशाला बघायची, बाई? सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघायला सुरुवात केलीय. लहानपणी आजी मारायची या हाताने जेवले की. आता हे."

"नेलीस का?"

"नाही." तिने मान वर केली नाही. "पण खरं सांगू? न्यावीशी वाटली होती. त्या नळीत खूण नसती तर मी काय करणार होते? एवढी वर्षं मी लोकांच्या पोटात बघतेय, स्वतःच्या घरात बघायला वेळ झाला नाही. आई गेली तेव्हाही मी त्या यंत्रासमोर होते."

"डब्या माझ्या बहिणीला कुणी दिल्या होत्या?"

"मीच. जिन्यात. त्यांना घाई, मला घाई. म्हटलं, मावशी, ही अर्धांगाची, ही जोडीदाराची, उद्या आणून द्या. त्या हसल्या."

"का हसल्या?"

"कोण जाणे. म्हणाल्या, 'अर्धांगाची होय? आमच्या मास्तरांना सांगते, आता दवाखान्यानेही मान्य केलं.' मला काही कळलं नाही. मीही हसले."

मी तिच्या पेटीच्या कडेवर बसले.

५

एखादं गणित सुटतं तेव्हा आनंद व्हावा असं आम्हाला शिकवलेलं असतं. तरुणपणी मला व्हायचा. साथीच्या दिवसांत दूषित विहीर सापडली की आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचो. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी एकेक धागा जुळवला, आणि तो जुळू नये अशी प्रत्येक गाठीला इच्छा केली.

डावरीने नळी नेली नव्हती. डावखुऱ्या माणसालाही हात दोन असतात. तिने दोन्ही मोजे घातले असते, खण तोलला असता, परत ढकलला असता. थंडोबाने तर झोपेतही ढकलला असता. डॉक्टरांना नळी हवी असती तर त्यांनी सरळ मागून घेतली असती. नळी नेणाऱ्याने एकच मोजा घातला, कारण मोजा घालायला त्याच्याजवळ एकच हात होता. खुंटीवरच्या मोज्यात त्याने डावा हात घुसवला. खण ओढला, आणि तोलायला दुसरा हात नाही म्हणून त्याखाली काहीतरी उभं केलं. ज्याच्या बुडाचा ठसा गोल उमटतो असं काहीतरी. ते काढून घेतल्यावर खण लटकला तो लटकलाच.

हे झालं 'कोण'. 'का' त्याहून वाईट होतं.

लोहाच्या गोळ्या घेणाऱ्याची विष्ठा काळी होते. हे शाळकरी ज्ञान आहे. मास्तर गोळ्या घेत नव्हते. त्यांच्या पोटातून रक्तही जात नव्हतं, दुर्बीण घालून बघितलं होतं. घरात लोह घेणारं माणूस एकच, आणि काळी निघाली ती अर्धांगाची डबी.

मास्तर वर्गात समास शिकवायचे तेव्हा हा शब्द त्यांचा हातखंडा. अर्धे अंग ते अर्धांग. "एकच शब्द, मुलांनो," असं म्हणायचे, "वैद्याच्या तोंडी आला तर रडायचं, नवऱ्याच्या तोंडी आला तर लाजायचं." लग्नाच्या पंगतीपासून ते धाकटीला अर्धांगच म्हणत आले. आमचं अर्धांग माहेरी गेलंय. आमच्या अर्धांगाला विचारून सांगतो. झटका आल्यावरही त्यांनी तो विनोद सोडला नाही, उलट धार लावली: आता घरात दोन अर्धांगं.

त्या घरात डबीवर 'अर्धांग' वाचून धाकटीने काय समजावं? आणि दुसऱ्या डबीवर 'जोडीदार'. तिचा जोडीदार कोण? ती तिच्या जागी अगदी बरोबर होती. तिने एकही चूक केली नव्हती.

खूण तिची होती. दुसऱ्या झटक्याची भीती, वाढवलेली औषधं, तोडलेलं मीठ, टाळलेले जिने, सगळं तिच्या नावाचं होतं. ते तिने स्वतःच्या हाताने मास्तरांना भरवलं.

६

व्यायामाच्या खोलीत मास्तर भिंतीवरच्या चाकाला डाव्या हाताने उजवा हात बांधून फिरवत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांची काठी उचलून उलटी केली आणि रबरी बूड बघत राहिले.

त्यांनी चाक थांबवलं.

"मला वाटलंच होतं, ताई. चूक काढायची तर तुम्हीच काढाल."

"नळी कुठाय?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून काढून दिली. कोमट. आतलं कधीच विरघळून खराब झालं होतं. ज्याला थंडाव्यात ठेवायला थंडोबाची हयात गेली, ते मास्तरांनी छातीशी धरून नासवलं होतं.

"तुमच्याच पोटातलं आहे हे," मी म्हटलं.

"हो. डॉक्टर म्हणाले, बाईचा नमुना आहे का ते आधी बघू. तिथेच, तिच्या पलंगाशी. मला एकदम ती सकाळ आठवली. ही डब्या घेऊन मोरीच्या दारात उभी. म्हणाली, 'अहो, ही माझी आणि ही तुमची, अदलाबदल करू नका हं.' मला हसूच आलं. म्हटलं, अर्धांग, तुझं तुला आणि माझं मला." त्यांनी चाकाला बांधलेला हात सोडवला. "मीही वाचलं होतं ते नाव, ताई. मी. दुसऱ्यांच्या पाट्या तपासत फिरणारा. मला चूक दिसली नाही, विनोद दिसला."

"म्हणून चोरायचं?"

"कळलं असतं की सगळ्यांना. माझ्या घासातलं मीठ काढून ही स्वतः काय खात होती ते. मला पलंगावर बसवून पाण्याच्या बादल्या कुणी वर आणल्या ते. हिचं आयुष्य मी खाल्लं, ताई. चमच्याचमच्याने, हिच्याच हातून." ते काठीसाठी हात पुढे करून थांबले. "खूण कळली असती तर वाचली असती का?"

मी जंतुशास्त्रातली बाई आहे. मला माहीत होतं की खूण म्हणजे निदान नव्हे, एका घराच्या दोन डब्यांवरून काही सिद्ध होत नाही, औषधं देऊनही झटका यायचा तर येतो. हे सगळं मी त्यांना सांगू शकले असते.

"माहीत नाही," मी म्हटलं. "आता कधीच कळणार नाही. ते तुम्ही खिशात घालून फिरलात."

"डॉक्टरांना सांगाल?"

"सांगावंच लागेल. ती पोर चोर ठरतेय."

"सांगा. मला काय व्हायचं ते होऊ दे. फक्त हिला कळू देऊ नका. एवढं करा. हिला यातलं काही कळायला नको."

मी काठी त्यांच्या हातात दिली.

"मास्तर," मी म्हटलं, "डॉक्टर बोलले तेव्हा पलंगाशी तुम्ही एकटे नव्हता. तुमच्याआधी तिला कळलं. तेव्हापासून ती दुसरं काय म्हणतेय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका शब्दाचा अर्थ लावायला त्या माणसाला जन्मात एवढा वेळ लागला नसेल.

"मी फणी आणली तिला," ते म्हणाले. "चष्मा आणला."

७

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. नळी उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"म्हणजे डावरी बरोबर होती," ते म्हणाले. "खूण झटक्याच्या आधी दिसली होती."

"दिसली होती."

"आणि मी ते कुठेही मांडू शकत नाही. एक डबी संपली, दुसरी नासली. तुमच्या बहिणीच्या पोटात आता हॉस्पिटलच्या औषधांनी काय उरलं असेल? मास्तरांचा नवा नमुना घेऊन ताडून बघता येईल, पण एवढ्या काळात माणसाचं पोट बदलतं. अंदाज निघेल, पुरावा नाही." त्यांनी चष्मा काढला. "शब्द मी निवडले होते, बाई. साधे असावेत म्हणून."

त्या जोडप्याला अभ्यासातून वगळलं. चोरीचं वर कळवलं नाही. डावरीला डॉक्टरांनी खोलीत बसवून सगळं सांगितलं, माफीही मागितली. ती ऐकत राहिली, आणि मग राहिलेली पुस्तकं पेटीत भरून निघून गेली. जाताना मला म्हणाली, "त्या हसल्या तेव्हा मी विचारायला हवं होतं, बाई, का हसलात म्हणून." हल्ली डब्यांवर आकडे लिहितात, आणि शेजारी माणसाचं चित्र.

मी आणि मास्तर मिळून वर गेलो. धाकटी उशीला टेकून बसली होती. आम्हाला बघून तिचा डावा हात उठला.

"माझं."

मास्तर स्टुलावर बसले. काठी त्यांनी जमिनीवर ठेवली आणि आपल्या डाव्या हाताने तिचा डावा हात धरला. दोघांचे उजवे हात अंथरुणावर शेजारी शेजारी पडून होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. दोन अर्धी अंगं, आणि दोन्ही डावीच. कशीही जोडली तरी एक पुरतं माणूस होत नव्हतं.

"माझं," ती पुन्हा म्हणाली.

"हो," मास्तर म्हणाले. "कळलं मला. ते तुझं होतं. माझं नव्हतं, तुझं होतं."

ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. चेहऱ्याच्या जिवंत बाजूने काहीतरी हललं. ते हसू असेल असं मी तेव्हा धरून चालले. अजून तसंच धरते. मग तिने तोंड मिटलं.

पुढे ती बरीच जगली. मास्तर उशाशी बसून तिला सबंध दिवस काहीबाही सांगायचे, विचारायचे, मुद्दाम चुकीचे शब्द वापरायचे, ती टोकेल म्हणून. मीही जायचे. फणी दाखवायचे, चष्मा दाखवायचे, कुणाचं गं हे, असं लहान मुलाला विचारतात तसं विचारायचे. ती नुसती बघायची.

जिच्या तोंडाला झाकण करायचं राहिलं होतं तिच्याजवळ शेवटी एकच शब्द उरला होता. तो पोचेपर्यंत ती म्हणत राहिली. पोचला, आणि संपला.